ळ डोळ्यांचा

माझं काम लोकांच्या गळ्यात बघण्याचं आहे. मी भूल देते. टेबलावर माणूस झोपला की त्याचा जबडा उचलायचा, जीभ बाजूला सारायची आणि स्वरयंत्र दिसलं की श्वासाची नळी आत सरकवायची. सौदीतल्या बुरैदाच्या सरकारी हॉस्पिटलात गेली सहा वर्षं मी रोज हेच करते आहे. टाळू, पडजीभ, घसा, सगळा मुलूख माझ्या ओळखीचा. तरी माझ्याच मुलीच्या गळ्यातून काय बाहेर येतंय ते मला महिनाभर कळलं नाही, हे सांगताना अजून लाज वाटते.

ती अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. अगदी मुकी नव्हती. 'मम' म्हणायची, 'दे' म्हणायची, आणि 'नको' तर फारच स्पष्ट. पण तिच्या वयाची कॉलनीतली इतर मुलं वाक्यं बोलू लागली होती आणि आमची बाई बोट दाखवून काम भागवत होती. मी वरवर निवांत असल्याचं दाखवायचे. खरं म्हणजे दुसऱ्या कुणाचं मूल 'मम्मी, लुक' म्हणालं की मी आमच्या मुलीला उचलून घरी आणायचे.

नवरा रियाधला असतो, पाण्याच्या एका प्रकल्पावर. गुरुवारी संध्याकाळी येतो, शनिवारी परत जातो. त्यामुळे माझी ड्यूटी असेल तेव्हा मुलगी शेजारच्या खालाकडे. खाला म्हणजे सुदानी बाई, आमच्याच हॉस्पिटलातल्या फार्मसिस्टची बायको. तिला अख्खी बिल्डिंग खालाच, म्हणजे मावशीच, म्हणते. चार मुलं, मोठा आवाज, स्वयंपाकघरात सदैव आलं घातलेल्या कॉफीचा वास. ती मला 'दक्तूरा' म्हणते, मी मोडक्या अरबीत उत्तर देते, आणि जिथे दोघींचं अडतं तिथे हात कामाला येतात. मुलीला तिच्या दारात सोडलं की ती मागे वळूनही बघायची नाही. याचं मला बरं वाटायचं आणि थोडं वाईटही वाटायचं.

त्याच सुमारास माझ्या वडिलांनी तक्ता पाठवला.

वडील साताऱ्यात पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. पुढे छापील फलक आले आणि त्यांचा ब्रश कपाटात गेला. नातीसाठी त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला आणि कापडावर अख्खी मुळाक्षरं रंगवली. सुट्टीवरून परतणाऱ्या आमच्या एका नर्सबाईने ती गुंडाळी सामानातून जपून आणली. अ अननसाचा, क कमळाचा, ग गवताचा. बाजारातल्या तक्त्यांवर असतं तसंच, पण अक्षरं वडिलांची. जाड, भरदार, टोकाला जरा तोरा असलेली.

त्यांचा ळ मी लहानपणापासून ओळखते. बाकीचे लोक ळ लिहिताना घाई करतात, दोन्ही गाठी चेपून टाकतात. वडील दोन पूर्ण गोल काढतात, एकाला एक चिकटलेले, आतून मोकळे. तो अगदी त्यांच्या चष्म्यासारखा दिसतो, म्हणून मी त्यांना चिडवायचे. तक्त्यावर ळ शेवटच्या ओळीत होता, क्ष आणि ज्ञच्या शेजारी, आणि त्याच्या खाली 'बाळ'. ळने सुरू होणारा शब्दच नाही, म्हणून बिचाऱ्याला बाळाच्या शेवटाला बसवतात. बाळाचं चित्रही होतं, पण डोळे मिटून झोपलेलं. वडिलांना विचारलं तर म्हणाले की डोळे रंगवणं त्यांना कधी जमलं नाही, ते अक्षरांचे माणूस.

मी तक्ता हॉलमध्ये लावला, मुलीच्या उंचीवर. शेवटची ओळ तर तिच्या नाकासमोर आली. पहिल्या दिवसापासून मी उत्साहाने सुरू झाले. अ अननसाचा, आ आईचा. ती ऐकायची, मग माझा हात सोडून खाली बसायची, शेवटच्या ओळीपाशी. तिथे बोट टेकवायची. आणि मग तिच्या घशातून एक आवाज यायचा. उलटी येण्याआधी माणूस जसा घसा आवळतो तसा, आखडलेला, खोल. मान जराशी पुढे, हनुवटी आत.

पहिल्यांदा मी धावलेच. तोंडात काही घातलं असेल म्हणून बोटाने तपासलं. काही नाही. टॉर्च आणला, जीभ दाबून घसा पाहिला. गुलाबी, स्वच्छ, टॉन्सिल जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तक्ता, शेवटची ओळ, आवाज, टॉर्च. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती टॉर्च बघूनच 'नको' म्हणून पळू लागली. इतर वेळी तिला काहीही होत नव्हतं. जेवताना नाही, झोपेत नाही. फक्त तक्त्यासमोर.

आमच्याकडे एक बालरोगतज्ज्ञ आहेत, लखनौचे, वयाने मोठे, अतिशय सभ्य. मी त्यांना मुलीला दाखवलं. त्यांनी कान तपासले, खेळणी देऊन पाहिलं, हाक मारून पाहिलं. ऐकू व्यवस्थित येतंय, समजही चांगली आहे म्हणाले. मग विचारलं, घरी कोणती भाषा. मी म्हटलं, मराठी. शेजारी अरबी. टीव्हीवर हिंदी आणि इंग्लिश. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बेटा, बच्ची के सर पर चार-चार ज़बानें लाद रखी हैं आपने," ते म्हणाले. "एक रखिए. स्कूल इंग्लिश का है, तो इंग्लिश रखिए. और वो चार्ट उतार दीजिए, उसको देखके बच्ची घबराती है."

त्यांचा हेतू चांगला होता. तेव्हा मला ते पटलंही. दोन वर्षांनी इंडियन स्कूलच्या केजीत तिला बसवायचं होतं. तिथे प्रवेशाच्या वेळी मुलाला नाव विचारतात, रंग विचारतात, ए फॉर काय ते विचारतात. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, मराठी काय, नंतरही शिकेल. आधी बोलू तर दे." मला रडू आलं, पण त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे मुद्दाच नव्हता. माझंच मूल माझ्याच भाषेच्या पाटीपुढे उभं राहून ओकाऱ्या काढत होतं.

तक्ता उतरवला. गुंडाळून कपाटावर ठेवला. आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरात इंग्लिश सुरू केलं.

इंग्लिश मला चांगलं येतं. परीक्षा त्याच भाषेत दिल्या, पेशंटचे कागद त्याच भाषेत लिहिते. पण ते माझं डोकं वापरण्याचं इंग्लिश. मुलीला आंघोळ घालताना काय बोलायचं ते मला त्या भाषेत माहीतच नव्हतं. 'अगं माझी छबडी, शेंबडी, सोनसाखळी' याला काय म्हणायचं? 'कम हिअर, बेबी' म्हटलं की मला माझाच आवाज हॉस्पिटलातल्या घोषणेसारखा वाटायचा. रागवायलाही जमेना. 'डोन्ट डू दॅट' म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहायची, जणू मी दुसऱ्याच कुणाला सांगते आहे. हळूहळू माझंच बोलणं कमी झालं. मुलीला बोलतं करण्यासाठी घरात आई मुकी झाली, असा तो प्रकार होता. आणि मुलगी? तिचं 'दे' गेलं. 'नको' म्हणायच्या ऐवजी ती नुसती मान फिरवू लागली.

वडील दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करायचे. तक्ता कसा दिसतोय, भिंत दाखव, म्हणायचे. मी सांगायचे, आत्ता बेडरूममध्ये आहे, तिकडे नेट येत नाही. सत्तरीच्या माणसाशी खोटं बोलणं सोपं असतं, तो विश्वास ठेवतो. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी नातीशी बोलायला कॅमेऱ्यात डोकं घातलं आणि मी पटकन म्हटलं, "से हाय टु आजोबा." त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि थोड्या वेळाने म्हणाले की तिला हाय म्हणता येत असेल तर उत्तमच. त्या वाक्याने मला जितकं लागलं तितकं शिव्या घातल्या असत्या तरी लागलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वाळूचं वादळ आलं. बुरैदात त्याचं कुणाला कौतुक नाही. आकाश पिवळं होतं, खजुराच्या बागा दिसेनाशा होतात, दाराच्या फटीला ओले टॉवेल लावतात. आमची दोन ऑपरेशनं पुढे ढकलली गेली आणि मी लवकर सुटले. पार्किंगपासून बिल्डिंगपर्यंत येईतो माझा डावा डोळा वाळूने भरला. खालाच्या घरी पोचले तेव्हा तो लाल होऊन गळत होता.

आत खाला जमिनीवर पाय पसरून बसली होती. समोर तिचा धाकटा, चार वर्षांचा, आणि त्याच्या शेजारी आमची. धाकट्याची अक्षरं चालली होती. तिची पद्धत साधी. पाटी नाही, तक्ता नाही. ती अक्षराचं नाव घ्यायची आणि अंगावर हात लावायची. जिथे अंगावरचा शब्द सापडेल तिथे अंग, नाही तर घरातली वस्तू. 'फा' म्हटलं की तोंड, कारण तोंडाला अरबीत 'फम' म्हणतात. मी दारात चपला काढत ते बघत होते. मुलीने मला पाहिलं, उठली, जवळ आली. माझ्या लाल डोळ्याकडे निरखून पाहिलं. मग डोळ्याच्या खाली बोट टेकवलं, हनुवटी आत घेतली, मान पुढे केली, आणि तोच आवाज काढला.

मी सवयीने पर्स चाचपली. टॉर्च पर्समध्येच असतो.

खाला मात्र टाळ्या पिटत होती. "शाबाश, शाबाश," म्हणून तिने माझ्या मुलीला ओढून मांडीवर घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ऐकलंस का दक्तूरा, माझी स्वतःची मुलं तीन वर्षांची होईपर्यंत इतका चांगला ऐन काढत नव्हती.

मला कळेना. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, मला समजेल असं. ऐन म्हणजे डोळा. आणि ऐन हे अक्षराचंही नाव. तिने स्वतःच्या डोळ्याखाली बोट ठेवलं आणि तो आवाज काढला, घशाच्या अगदी तळातून, जिथे माझी नळी जाते तिथून. तसाच आखडलेला, तसाच खोल. मग मऊ 'एन'. माझी मुलगी शेवटचा न गिळत होती, एवढंच. अरबी न बोलणाऱ्या माणसाच्या कानाला ते ओकारीसारखं वाटतं. माझ्या कानाला वाटलं होतं. रोज घशात बघणाऱ्या डॉक्टरणीच्या.

मी पर्स मिटली. गेला महिनाभर माझी मुलगी बोलत होती. मला ती भाषा ऐकू येत नव्हती, इतकंच. खाला एकेक मोजून सांगू लागली. पाण्याला 'मोया' म्हणते. भाकरीला 'एश' म्हणते, त्याही शब्दात तोच आवाज, म्हणून तेव्हाही ती ओकते असं मला वाटलं असतं. मांजराला 'कदीसा'. धाकट्याने खेळणं ओढलं की 'खलास' म्हणून त्याला ढकलते. माझ्याकडची 'मम', 'दे', 'नको' त्यात मिळवली तर आमची बाई चांगली बोलघेवडी निघाली असती. तिचे शब्द दोन घरांत वाटलेले होते आणि आम्ही फक्त आमच्याच घरचे मोजत होतो.

पण ते सगळं नंतर डोक्यात शिरलं. त्या क्षणी मला एकच गोष्ट आठवली, तक्त्याची शेवटची ओळ.

मी तिला कडेवर घेऊन घरी पळाले. डोळा धुवायचाही राहिला. खुर्ची ओढली, कपाटावरून गुंडाळी काढली आणि हॉलमध्ये फरशीवर पसरली. चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या, कारण कापड पुन्हा पुन्हा वळत होतं. मुलगी अननसावरून चालत गेली, कमळावरून गेली, शेवटच्या ओळीपाशी उकिडवी बसली. बोट बाळावर नव्हतं. बाळाचे डोळे तर मिटलेले. बोट ळवर होतं. डाव्या गोलावर बोट ठेवून तिने ऐन म्हटलं. मग उजव्या गोलावर ठेवलं आणि पुन्हा ऐन म्हटलं. मग माझ्याकडे पाहिलं, आता तरी टॉर्च आणणार नाहीस ना, अशा नजरेने.

दोन डोळे. वडिलांच्या ळमधले दोन मोकळे गोल. ज्या माणसाला डोळे रंगवता येत नाहीत त्याने रंगवलेले डोळे. ते तिने पहिल्याच दिवशी वाचले होते आणि रोज मला वाचून दाखवत होती. वाचणं म्हणजे तरी आणखी काय असतं? समोरच्या खुणेतून कुणीतरी काही म्हणतंय हे ओळखायचं आणि मोठ्याने सांगायचं. तिने ते केलं होतं. माझ्या आणि तिच्या मध्ये फक्त एक आवाज आडवा होता.

मी तिला घट्ट धरलं आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मराठीत बोलले. काय बोलले ते आठवत नाही. छबडी, शेंबडी, सगळं एकदम आलं असणार. ती जरा दचकली. मग माझ्या ओल्या गालावर हात फिरवून म्हणाली, "नको."

लखनौच्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते मनापासून हसले, मग गंभीर झाले आणि त्यांनी सरळ म्हटलं की त्यांची चूक झाली, अरबी तर त्यांनाही येते, त्यांनी स्वतः ऐकायला हवं होतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो आधी इंग्लिशमध्येच 'व्हॉट' म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही बऱ्याच दिवसांनी मोकळे हसलो. सगळ्यात अवघड होतं वडिलांना सांगणं. तक्ता उतरवला होता, खोटं बोलले होते, सगळं सांगितलं.

"पोरी, तुला एवढी वर्षं सांगतोय," ते म्हणाले, "ळ घाईत काढायचा नसतो."

तक्ता पुन्हा भिंतीवर गेला. त्याच्या शेजारी खालाच्या धाकट्याने मला एका कागदावर ऐन काढून दिला, उघड्या तोंडाच्या माशासारखा, तोही चिकटवला. मुलीला एकीकडे सुरुवात उजवीकडून होते आणि दुसरीकडे डावीकडून, याचं काहीच वाटलं नाही. ती मधोमध उभी राहायची आणि दोन्हीकडे जायची. शब्द येऊ लागले. आधी एकेक, मग ढिगाने. फक्त ळ काही येईना. डोळ्याला 'डोया' म्हणायची, बाळाला 'बाय'. गंमत म्हणजे जगातल्या मोठमोठ्या माणसांना न निघणारा ऐन तिला फुकटात मिळाला होता आणि साताऱ्याच्या रस्त्यावर कुणीही बोलतं तो ळ तिच्या जिभेला वळत नव्हता. मी घाई केली नाही. घाईचं फळ मी पाहिलं होतं.

उलट मीच ऐन शिकायला बसले. रोज संध्याकाळी ती माझी शिकवणी घ्यायची. डोळ्याखाली बोट ठेवून ती म्हणायची आणि मी तिच्यामागून म्हणायचे. माझा निघायचा तो साधा ऐ. ऐन वेळी, ऐन दुपारी, यांतला ऐ. कधी जोर लावला तर ठसका लागायचा. खाला दारातून हसून बघायची आणि 'यल्ला दक्तूरा, पुन्हा' म्हणायची. मला ठाऊक होतं कुठला स्नायू आवळायचा, त्याचं नावही ठाऊक होतं. पण तो आवळेना.

ती साडेतीन वर्षांची असतानाची गोष्ट. नेहमीसारखी आमची शिकवणी चालली होती. मी चार-पाच वेळा ऐन काढून पाहिला, एकही जमला नाही. मुलगी कंटाळली. उठली, माझ्या पर्समधून टॉर्च काढला आणि माझ्या मांडीवर चढली. मला म्हणाली, आ कर. मी आ केला. तिने टॉर्च लावला, जीभ बोटाने दाबली, अगदी मी दाबते तशी, आणि बराच वेळ आत बघत राहिली. डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं. मग टॉर्च बंद करून मला समजुतीच्या सुरात निदान सांगितलं.

"आई, तुझा गळा छोटा आहे."

आपण काय म्हणालो ते तिला कळलंही नव्हतं. ती टॉर्च पर्समध्ये ठेवून चेन लावत होती.

"काय छोटा आहे?" मी विचारलं.

"गळा," ती म्हणाली. ळ पूर्ण होता, दोन्ही गोल मोकळे. "माझा मोठा आहे." तिने भिंतीवरचा तक्ता आणि शेजारचा ऐन दाखवला. "माझ्यात दोन्ही मावतात."